हप्त्याने बिटकॉइन : सरासरी नाण्याची, पण पगार कोणाचा?

बिलोली, कुंडलवाडी, नायगाव, देगलूर या पट्ट्यातल्या आपल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक संदेश सारखा फिरतो आहे. वर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला 'रुपयाचा प्रश्न' या त्यांच्या ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि खाली मजकूर : रोज फक्त शंभर रुपयांचे बिटकॉइन घ्या, बाजार वर असो की खाली, थांबू नका, पाच वर्षांत आयुष्य बदलेल. शेवटी अ‍ॅपची लिंक असते आणि त्या लिंकमध्ये पाठवणाऱ्याचा रेफरल कोड दडलेला असतो. तुम्ही खाते उघडले की त्याच्या खात्यात काहीतरी पडते. ही शेवटची गोष्ट संदेशात लिहिलेली नसते.

या पद्धतीला 'डॉलर कॉस्ट अ‍ॅव्हरेजिंग' म्हणतात. म्युच्युअल फंडाची एसआयपी आपल्याला ठाऊक आहे, तीच गोष्ट. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम, भाव न पाहता. "दादा, हे खरंच चालतं का?" असे आम्हाला इतक्या जणांनी विचारले की एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिणे बरे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "पैशाच्या मागे लागू नका, चळवळ करा" असा उपदेश आम्ही करणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने, ऐपत असली तरी, धनसंचय करू नये असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही तिथेच दिले आहे : शूद्राकडे धन आले की ब्राह्मणांना त्रास होतो. ज्या समाजाच्या वाट्याला हा नियम आला, त्या समाजातल्या पोराने महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकणे ही साधी गोष्ट नाही. नामांतराच्या आंदोलनात १९७८ साली आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळले गेले. त्या दिवसांत मराठवाडाभर आपली घरे जळाली, आणि घरांसोबत कणग्यांतले धान्य, पेटीतले किडूकमिडूक, वर्षाची कमाई जळाली. आपल्या मागच्या पिढीची बचत कमी का, याचे उत्तर आळसात किंवा दारूत शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. म्हणून बचत करणाऱ्या पोराला आम्ही टोकणार नाही. त्याची बचत कुठे जाते हे मात्र विचारणार.

आता पद्धत. हिशेब मांडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही, म्हणून अगदी सोपा हिशेब घेऊ. एका नाण्याचा भाव पहिल्या महिन्यात १०० रुपये, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात २५ आणि चौथ्यात पुन्हा ५० आहे. तुम्ही दर महिन्याला १००० रुपये टाकता. पहिल्या महिन्यात १० नाणी मिळाली, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ४०, चौथ्यात २०. एकूण ४००० रुपयांत ९० नाणी. चौथ्या महिन्याच्या भावाने त्यांची किंमत ४५०० रुपये. म्हणजे नाण्याचा भाव शंभरावरून पन्नासावर, निम्म्यावर आला, तरी तुम्ही ५०० रुपयांनी पुढे! यात जादू नाही. रक्कम ठरलेली असली की स्वस्ताईच्या महिन्यात आपोआप जास्त नाणी येतात, महागाईच्या महिन्यात कमी. पद्धत खरी आहे, गणित खरे आहे. बेंजामिन ग्रॅहमसारख्या जुन्या, सावध माणसानेही १९४९ च्या आपल्या गुंतवणुकीवरच्या पुस्तकात ती सामान्य गुंतवणूकदारासाठी सांगितली आहे. (त्याने ती अमेरिकेतल्या चांगल्या कंपन्यांच्या शेअरसाठी सांगितली होती. नाव 'डॉलर' असले तरी आपण भरतो रुपयेच.)

पण हाच हिशेब आता येसगीच्या पुलाजवळ वाळूच्या गाड्या भरणाऱ्या, किंवा सोयाबीनच्या काढणीला जाणाऱ्या, किंवा हैदराबादला बांधकामावर असलेल्या पोराच्या घरी करून बघा. पहिल्या महिन्यात काम होते, त्याने १००० टाकले. दुसऱ्या महिन्यात काम बंद. तिसऱ्या महिन्यात आई दवाखान्यात. चौथ्यात पुन्हा काम मिळाले, पुन्हा १००० टाकले. त्याच्याकडे १० आणि २० मिळून ३० नाणी आली, २००० रुपयांत. किंमत १५०० रुपये. तेच नाणे, तेच चार महिने, तोच भाव. पगारदार ५०० रुपये नफ्यात आणि हा ५०० रुपये तोट्यात. आणि तिसऱ्या महिन्यात दवाखान्यासाठी त्याने असलेली १० नाणी विकली असती तर हजाराचे अडीचशे हातात आले असते.

आमचे सगळे म्हणणे या दोन हिशेबांच्या फरकात आहे. सरासरीची पद्धत स्वस्ताईच्या महिन्यांवर जगते. त्या महिन्यांत ज्याचा हात मोकळा आहे त्याचाच तिच्यात फायदा. संदेशात "थांबू नका" असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, जणू थांबणे ही मनाची कमजोरी आहे! आपल्या पोरांचे हप्ते मनाच्या कमजोरीने थांबत नाहीत, काम संपल्याने थांबतात. आपल्या भागात काम कधी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन, मग कापसाची वेचणी, काहींची ऊसतोड. होळीनंतर शेतात काही नाही. जूनमध्ये पोरांच्या शाळा-कॉलेजचा खर्च आणि तेव्हाच हात रिकामा. सालगड्याच्या घरी तर पैसा उलट्या दिशेने वाहतो : पाडव्याला उचल आधी घ्यायची आणि वर्षभर ती फेडायची. उचलीवर जगणाऱ्याला "शिस्तीने दरमहा गुंतवा" असे सांगणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा त्याचा रेफरल कोड आहे.

कोणी म्हणेल, चार महिन्यांचा बनवलेला हिशेब आहे, खऱ्या बाजारात असे होत नाही. खऱ्या बाजारात याहून जास्त होते. मार्च २०२० च्या मध्यावर बिटकॉइनचा भाव दोन दिवसांत जवळजवळ निम्म्याने कोसळला. सरासरीवाल्यांच्या भाषेत ती सोन्याची संधी. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि हैदराबाद, पुणे, मुंबईतून आपली माणसे पायी निघाली. संधी घ्यायला तेव्हा कोण बसले होते? ज्याचा पगार घरबसल्या खात्यात पडत होता तो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होते. वर्षभरात ते १६ हजारांपर्यंत उतरले. या काळात न चुकता दरमहा हप्ता भरणारा माणूसही २०२२ च्या डिसेंबरात तोट्यातच होता. पुढे तो थांबला नसता तर मार्च २०२४ मध्ये भाव ७० हजारांवर गेला तेव्हा तो चांगल्या नफ्यात आला असता, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सव्वा लाख डॉलर पाहिले असते. हे आम्ही लपवत नाही. ज्यांनी असे केले त्यांनी पैसे कमावले, आणि त्यांचे आकडे दाखवूनच आजचे संदेश बनतात. पण त्यासाठी लागणारी गोष्ट हिंमत नव्हती. लागणारी गोष्ट होती सव्वादोन वर्षे त्या पैशाला हात न लावण्याची ऐपत. संदेशात फक्त आलेखाची दोन टोके दाखवतात. मधल्या काळात कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाची मोटारसायकल फायनान्सवाल्याने ओढून नेली, हे त्या आलेखात दिसत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. सरासरी उपयोगी पडते ती जे पडून पुन्हा उठते त्या गोष्टीत. जे पडून मरते त्यात सरासरी म्हणजे खड्ड्यात आणखी माती टाकणे. मे २०२२ मध्ये 'लुना' नावाचे नाणे आठवडाभरात ८० डॉलरच्या आसपासवरून पैशाच्याही खाली गेले. पडताना "स्वस्त मिळतंय" म्हणून घेणाऱ्यांनी सरासरी खूप छान खाली आणली आणि सगळे गमावले. बिटकॉइन वेगळे, लुना वेगळे, हे आम्ही मानतो. पण आपल्या ग्रुपवर सुरुवात बिटकॉइनने होते आणि महिन्याभरात "बिटकॉइन आता महाग झालं, हे नवीन नाणं दोन रुपयांना आहे, याची एसआयपी करा" असा पुढचा संदेश येतो. दोन रुपयांचे नाणे स्वस्त आणि लाखांचे महाग, असे नसते. पण शंभर रुपयांत पन्नास नाणी मिळाली की माणसाला श्रीमंत झाल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे विकणाऱ्याला ठाऊक असते.

नांदेड जिल्ह्याने हा खेळ एकदा पाहिला आहे, आणि इतक्या लवकर तो विसरावा याचे आम्हाला नवल वाटते. २०१५ च्या सुमारास 'गेनबिटकॉइन' नावाची योजना आली. अमित भारद्वाज हा तिचा मुख्य माणूस आणि सिंगापूरची व्हेरिएबलटेक ही कंपनी. तुमचे बिटकॉइन आम्हाला द्या, आम्ही ते 'क्लाउड मायनिंग'ला लावतो, दरमहा १० टक्के परतावा, १८ महिने. खाली माणसे जोडली की वरच्याला कमिशन. सुरुवातीला काहींना पैसे मिळाले, त्यांनी मेहुण्याला, मित्राला, सहकारी शिक्षकाला आणले. २०१७ येईतो परतावा बिटकॉइनमध्ये देणे बंद झाले आणि 'एमकॅप' नावाचे कंपनीचेच नाणे हातात ठेवले गेले, ज्याची किंमत बिटकॉइनच्या पासंगालाही नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. तो २०२२ च्या जानेवारीत मेला. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी पकडले. जप्त केलेल्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली असा आरोप. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातली प्रकरणे सीबीआयकडे गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठहून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या. त्या यादीत दिल्ली, पुणे, चंडीगड, बंगळुरू, कोल्हापूर यांच्यासोबत नांदेडचे नाव होते.

हप्त्याने बिटकॉइन घेणे आणि गेनबिटकॉइन या एकच गोष्टी आहेत असे आम्ही म्हणत नाही. एक पद्धत आहे, दुसरी फसवणुकीचे प्रकरण. पण दोन्ही आपल्यापर्यंत पोचतात त्या एकाच वाटेने : ओळखीचा माणूस, समाजातला माणूस, "जय भीम" म्हणून फोन सुरू करणारा माणूस. गेनबिटकॉइनच्या काळात सभागृहे भाड्याने घ्यावी लागत, आता ग्रुप पुरतो. आपल्यातल्या विश्वासाला किंमत आहे, तो विश्वास चळवळीने कमावला आहे, आणि कोणीतरी त्याचे कमिशन खातो आहे, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

बरे, तुम्ही फक्त बिटकॉइनच घेतले, नोंदणी असलेल्या मोठ्या एक्स्चेंजवर घेतले, रेफरलवाल्याला टाळले. तरी नाणी असतात कुठे? बहुतेकांची एक्स्चेंजकडेच. तुमच्या मोबाइलवर दिसतो तो आकडा म्हणजे एक्स्चेंजने तुम्हाला दिलेला शब्द. १८ जुलै २०२४ ला 'वझीरएक्स' या भारतातल्या नावाजलेल्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. खाती गोठली. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. त्या सव्वा वर्षात बिटकॉइनने लाखाचा टप्पा ओलांडला, पण ज्यांचे पैसे अडकले ते फक्त बघत राहिले. बिलोलीचा माणूस सिंगापूरच्या न्यायालयात काय करणार? इथल्या ग्राहक मंचाची तारीख पडली तरी त्याची रोजी बुडते.

बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. इथे तसले काही नाही. (आणि मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही, हे बीडच्या ज्ञानराधाच्या ठेवीदारांना विचारा. अ‍ॅपवर संशय घेणारे आपले ज्येष्ठ लोक जादा व्याजाच्या पाटीला मात्र भुलतात, तेव्हा तरुणांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.)

कराची गोष्ट तर संदेशात कधीच नसते. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. तुमचे बाकीचे उत्पन्न कितीही कमी असो, दर तोच. वर्षाला लाखभर कमावणारा मजूर आणि कोट्यधीश, दोघांना एकच टक्का! ज्या देशात उत्पन्नाप्रमाणे कराचे टप्पे आहेत तिथे हा एक कोपरा असा आहे जिथे सगळे 'समान' आहेत. त्याहून वाईट म्हणजे तोटा नफ्यातून वजा होत नाही. एका नाण्यात १०,००० मिळाले आणि दुसऱ्यात १०,००० गेले तर तुमच्या खिशात शून्य, पण कर ३,००० आणि उपकर धरून ३,१२०. शिवाय विकताना विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापला जातो. तो हिशेबात परत मिळवायचा तर आयकर विवरणपत्र भरावे लागते. रोज शंभर रुपयांची खरेदी म्हणजे वर्षाला ३६५ नोंदी. त्या सांभाळून सीएकडे जायचे, त्याची फी द्यायची. शेअर किंवा म्युच्युअल फंडात दीर्घकाळाच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला वर्षाला सूट आहे. क्रिप्टोत एका रुपयाचीही नाही. जो माणूस लहान रक्कम टाकतो त्याच्यावर या नियमांचा भार सर्वात जास्त पडतो, आणि संदेश नेमका त्यालाच पाठवला जातो.

आता बाबासाहेबांचा फोटो. याबद्दल सविस्तर बोलावेच लागेल, कारण नुसते नाव वापरले म्हणून रागावून उपयोग नाही, मुद्द्याला उत्तर दिले पाहिजे. मांडणी अशी केली जाते : बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सरकारच्या हाती नाणी पाडण्याचा अमर्याद अधिकार असू नये असे म्हटले, बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांवर कायमची बांधलेली आहे, म्हणजे बिटकॉइन हेच बाबासाहेबांचे चलन.

अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असलेली गोष्टच जास्त फसवते. बाबासाहेबांनी रुपयाच्या टांकसाळी सरकारलाही बंद कराव्यात, रुपयाच्या पुरवठ्याला मर्यादा घालावी असे मांडले. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यांनी टीका केली. पण का? कारण ती पद्धत रुपयाचा पौंडाशी असलेला दर सांभाळत होती आणि देशातल्या माणसाला त्या रुपयात काय मिळते याकडे दुर्लक्ष करत होती. त्यांचा प्रश्न होता रुपयाच्या खरेदीशक्तीचा. मर्यादा हे साधन होते, स्थिर खरेदीशक्ती हे साध्य. १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढे आणि त्याच काळातल्या लेखांत त्यांनी रुपयाची किंमत घसरवली की मजुरीची खरी किंमत घटते आणि फायदा व्यापारी-मालक वर्गाचा होतो, हे दाखवून दिले. नाणे कोणते हा त्यांच्यासाठी नंतरचा प्रश्न होता. आधी प्रश्न होता, कोणाच्या ताटातले कमी होते?

या कसोटीवर बिटकॉइन लावून पाहा. संख्या बांधलेली आहे, हे खरे. पण २०२१ च्या नोव्हेंबरात जेवढ्या बिटकॉइनमध्ये चार पोती ज्वारी येत होती तेवढ्यात वर्षाने एकच येत होते. पुढे पुन्हा उलट झाले. ज्याच्या घरात वर्षभराची ज्वारी आधीच भरलेली आहे त्याला हा चढउतार हा खेळ वाटू शकतो. आठवडी बाजारात दर आठवड्याला भरणा करणाऱ्याला नाही. नाण्यांची संख्या स्थिर आणि खरेदीशक्ती डगमगती, याला बाबासाहेबांच्या ग्रंथाचा आधार देणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून ग्रंथ वाचल्याचे सांगणे. रिझर्व्ह बँकेच्या स्थापनादिनी, १ एप्रिलला, आपण सगळे बाबासाहेबांच्या नावाची पोस्ट टाकतो. ग्रंथ किती जणांनी उघडला? निदान प्रस्तावना तरी वाचा. त्यात प्राध्यापक कॅनन आपल्या विद्यार्थ्याशी काही बाबतींत असहमत असल्याचे मोकळेपणाने सांगतात, आणि ती असहमती बाबासाहेबांनी स्वतःच्या पुस्तकात छापली आहे.

'दुसरे चलन' ही आपल्या भागाला नवीन गोष्टही नाही. बिलोली निजामाच्या राज्यात होती. इथे हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. १९५० मध्ये दोन्ही सोबत चालू लागले तेव्हा सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर होता. हाली १९५९ मध्ये कायमचा बाद झाला. दोन चलने असली की बदलताना बट्टा द्यावा लागतो, आणि बट्टा जास्त बसतो तो तातडीची गरज असलेल्याला. मोबाइलच्या अ‍ॅपवर खरेदीचा भाव एक आणि विक्रीचा भाव दुसरा दिसतो, वर शुल्क कापले जाते, तो आजचा बट्टाच आहे.

"बिटकॉइनला जात नाही," असेही म्हणतात. बँकेचा मॅनेजर आपल्याला खुर्ची देत नाही, कर्जाची फाइल सहा महिने फिरवतो. इथे आडनाव कोणी विचारत नाही. हा अनुभव खरा आहे आणि त्याची चीड आम्हालाही आहे. नाण्याच्या वहीत आडनाव नसते, मान्य. पण हप्ता येतो मजुरीतून किंवा पगारातून, आणि कोणाला कायम पगार आणि कोणाला कंत्राट, कोणाला कंत्राट आणि कोणाला उचल, ही वाटणी जातीनेच झालेली आहे. खासगीकरणाने आपल्या आरक्षित जागा संपत आहेत, सफाईपासून शिपायापर्यंत सगळे कंत्राटी झाले. ज्या कायम पगारावर ही सरासरीची पद्धत उभी राहते, तो पगारच आपल्या हातून काढून घेतला जात असताना, "नोकरीचा नाद सोड, क्रिप्टोची एसआयपी कर" असा सल्ला आपल्याच पोरांना आपल्याच ग्रुपवर दिला जातो. स्वाधारची रक्कम वर्षभर येत नाही आणि आली की एकदम येते. ती खोलीभाडे आणि मेसची उधारी फेडण्यासाठी असते. त्यातून नाणी घेणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही दोष देण्याआधी ती रक्कम वेळेवर का येत नाही हे समाजकल्याण खात्याला विचारू.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये काय मागितले होते हेही आठवावे. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या मानाने आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे. म्हणजे गरिबाच्या घरावर येणारा धोका त्याच्या एकट्याच्या नशिबावर सोडू नये, सगळ्यांनी मिळून उचलावा. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर एकटे बसून आलेख बघावा, ही कल्पना त्याच्या नेमकी उलट आहे.

मग करायचे काय, असे विचारणाऱ्यांना आमचे सरळ सांगणे. घरात सावकाराचे शेकडा तीनचे कर्ज असेल, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, तर जो रुपया वाचेल तो तिथे भरा. ३६ टक्के वाचवणे म्हणजे ३६ टक्के कमावणेच, तेही खात्रीने आणि त्यावर एक पैसाही कर नाही. मायक्रोफायनान्सचा बचतगटाच्या नावाने घेतलेला हप्ता वर्षाला २० टक्क्यांच्या वर पडतो. त्यालाही तेच लागू. कर्ज नसेल तर आधी चार-सहा महिन्यांचे घर चालेल एवढे पैसे लगेच काढता येतील अशा ठिकाणी ठेवा, कारण वरच्या हिशेबात पोराला मारले ते नाण्याच्या भावाने नाही, दवाखान्याने. पोस्टाचे आवर्ती खाते महिन्याला शंभर रुपयांपासून उघडते. त्यावरचे व्याज पाहून कोणी रील बनवत नाही, पण कुंडलवाडीच्या पोस्टात ते आकडे चोरीला जात नाहीत.

आणि ज्यांच्याकडे हे सगळे आहे? शिक्षक, पोलिस, तलाठी, बँकेतले, पुण्याच्या कंपनीत कायम असलेले आपले भाऊबहीण. त्यांनी थोडी रक्कम हप्त्याने बिटकॉइनमध्ये टाकली तर आम्ही त्यांना अडवणार नाही. सगळी गेली तरी घरात कोणाला कळू नये एवढीच रक्कम असावी. बिटकॉइन सोडून दुसऱ्या नाण्याच्या वाटेला जाऊ नये, खरेदीची प्रत्येक पावती ठेवावी आणि उधारीच्या पैशाने तर कधीच करू नये. त्यांना एक विनंती मात्र आहे. आपला नफ्याचा स्क्रीनशॉट गावाकडच्या ग्रुपवर टाकू नका. तुमच्या पाठीशी महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार आहे. तो स्क्रीनशॉट पाहणाऱ्याच्या पाठीशी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही त्याच घरातून निघालात.

यंदाच्या १४ एप्रिलच्या आठवड्यात डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे वाचवून बुद्धविहारात किंवा वाचनालयात एक टेबल लावावे, असा प्रस्ताव आम्ही बिलोली तालुक्यातल्या मंडळांपुढे ठेवत आहोत. समाजातल्याच बँकेत आणि पोस्टात काम करणाऱ्या दोघा-तिघांनी संध्याकाळी दोन तास तिथे बसावे. पासबुक, कर्जाचे कागद, विम्याची पॉलिसी, अ‍ॅपवरचे खाते, जे ज्याच्याकडे असेल ते घेऊन यावे आणि समजून घ्यावे. गेनबिटकॉइनमध्ये ज्यांचे पैसे गेले आणि लाजेने अजून तक्रार केली नाही, त्यांनीही यावे. जुने ईमेल, मेसेज, बँकेचे उतारे पुसून टाकले नसतील तर सोबत आणावेत. टेबलावर बसणाऱ्याने आपला रेफरल कोड घरी ठेवून यायचे आहे.